‘याशिवाय अन्य कोणी वारस नाही’ : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



१ एप्रिल २०२५ पासून आपल्या खात्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर राबवली. गावोगावी चावडीवर वाचन झालं, मयत खातेदारांच्या याद्या निघाल्या आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वारस नोंदींना हात लागला. आजोबांना जाऊन दोन पिढ्या उलटल्या तरी उताऱ्यावर आजोबाच खातेदार, अशी शेतं आपल्याकडे गावागणिक आहेत. नाव लागलेलं नसलं की पीक कर्ज अडतं, विमा अडतो, आता तर अ‍ॅग्रिस्टॅकचा शेतकरी क्रमांकही अडतो. तेव्हा ही मोहीम हवीच होती आणि हे काम पुढेही चालू राहावं.

पण मयताचं नाव कमी केल्यावर त्याच्या जागी कोणाची नावं येतात, हे ठरताना चावडीवर काय घडतं ते आपल्या कानावर घालायचं आहे. ज्या बापाने जिवंतपणी बायकोला टाकलं, मुलांकडे वळून पाहिलं नाही, दुसरीकडे संसार थाटला, तो बाप गेल्यावर त्या पहिल्या बायकोमुलांच्या हक्काचं काय होतं, एवढाच या पत्राचा विषय आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, कडा कुरतडलेल्या, जुन्या पानांवरची शाई तपकिरी झालेली. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, शाळा कधी आणि का सोडली त्याचा शेरा, असं सगळं एका ओळीत असतं. या रजिस्टरचा निर्गम उतारा मागायला चाळिशी-पन्नाशीच्या बाया यायच्या. जातीच्या दाखल्यासाठी येणारे वेगळे, ते घाईत असत. या बाया मात्र टेबलाजवळ उभ्या राहून हळू आवाजात विचारायच्या, “बाई, माझ्या नावापुढं बापाचं नाव लागलंय का, तेवढं बघा.”

नाव बहुतेक वेळा लागलेलं असायचं. माहेरी परत आलेल्या आईने किंवा मामाने शाळेत नाव घालताना बापाचंच नाव सांगितलेलं असायचं, कारण तेव्हा दुसरं काही सांगायची सोयच नव्हती. ज्याने तोंड फिरवलं त्याचं नाव त्या मुलींनी दहावीच्या गुणपत्रिकेवर, लग्नाच्या पत्रिकेत, मतदार यादीत वागवलं होतं. आता तो वारला होता आणि त्याच्या गावच्या तलाठी कार्यालयात या मुलीचं अस्तित्व कागदावर दाखवायची वेळ आली होती.

त्या बायांमधली मीही एक आहे. मी लहान असताना वडिलांनी आईला माहेरी धाडलं ते कायमचं. पुढे त्यांनी शेजारच्या जिल्ह्यात दुसरं घर केलं. आईने तालुक्याच्या कोर्टात पोटगीचा दावा केला, तो तिच्या बाजूने लागला, काही महिने पैसे आले आणि मग थांबले. घटस्फोट कधीच झाला नाही. आईने मामाच्या मळ्यात राबून मला डी.एड. केलं. वडील गेल्याची बातमी आम्हाला तेरावा उरकल्यावर कळली. पुढे केव्हातरी मी सातबारा काढून पाहिला, तर तीन नावं लागलेली होती: वडिलांच्या दुसऱ्या घरातली बाई आणि तिचे दोन मुलगे. फेरफाराच्या कागदपत्रांत शंभराच्या स्टॅम्पवर केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. त्यातलं शेवटचं वाक्य असं की वरील वारसांशिवाय मयतास अन्य कोणी वारस नाही, पुढे झाल्यास त्याची जबाबदारी आमची राहील.

मंत्रिमहोदय, या एका वाक्यावर महाराष्ट्रातली किती जमीन हस्तांतरित होते, याची कल्पना आपल्या खात्याला नक्की असेल. हे वाक्य छापील नमुन्यातच असतं. ते कोणालाही तयार करावं लागत नाही. अर्ज लिहिणारा लेखनिक ते टाकतोच आणि अंगठा किंवा सही करणाऱ्याला ते वाचून दाखवलं जातंच असं नाही.

कायदा याबाबतीत अगदी स्पष्ट आहे, म्हणून तर चीड येते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि त्यांचे हिस्से समान. मुलगा बापाजवळ राहत होता का, मुलगी त्याला भेटत होती का, बायको नांदत होती का, यांतला एकही प्रश्न तो कायदा विचारत नाही. खून करून वारसा मिळवू पाहणाऱ्याला तो अपात्र ठरवतो, दुरावलेल्याला नाही. बेबनावाने वारसा तुटत नाही. वर्तमानपत्रात ‘माझ्या मुलीशी माझा कोणताही संबंध राहिलेला नाही’ अशी जाहीर नोटीस दिल्यानेही तुटत नाही. गावात पाच माणसं बसवून स्टॅम्पवर लिहून घेतलेल्या काडीमोडीनेही विवाह संपत नाही. एखाद्या जातीत तशी रूढी होती हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, नाहीतर हुकूमनामा लागतो. मुंबई प्रांताने १९४६ सालीच हिंदू पुरुषाचा दुसरा विवाह बेकायदा ठरवला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर तेच केलं. म्हणजे माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीपासून हा प्रश्न मिटलेला होता.

मुलींचा हक्कही आता वादाचा राहिलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, पण तो कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली बाप हयात होता की नव्हता याने काही बिघडत नाही.

आणि दुसऱ्या घरातली मुलं? त्यांच्याविषयी इथेच लिहिते, कारण हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. आईबापाचं लग्न बेकायदा असलं तरी मुलं औरस, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ सांगतं. १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्धप्पा विरुद्ध मल्लिकार्जुन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वाटा कसा काढायचा तेही ठरवून दिलं: वडिलोपार्जित मालमत्तेत बापाच्या हिश्शाला जे आलं असतं, त्यात ती वारस. हे मला न्याय्य वाटतं. जन्माला येताना कोणी आईबापाचे दाखले तपासत नाही.

आता हिशोब करून पाहा. एका माणसाची बारा एकर जमीन आहे. मागे कायदेशीर बायको, तिची एक मुलगी आणि दुसऱ्या घरातले दोन मुलगे. आई हयात नाही, मृत्युपत्र नाही. जमीन त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेली असेल तर चौघांना तीन-तीन एकर. पण तीच जमीन वडिलोपार्जित असेल तर त्याच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं आधी धरायचं. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या १९७८ च्या निकालापासून हीच रीत आहे. त्या वाटणीत बाप, बायको आणि मुलगी यांना चार-चार एकर. मग बापाच्या चार एकरांचे चार वारसांत चार भाग. बायकोला एकूण पाच एकर, मुलीला पाच, दोन मुलग्यांना एकेक. तलाठ्याने मात्र दुसऱ्या घरातल्या तिघांची नावं लावलेली असतात. म्हणजे बारापैकी दहा एकर ज्यांच्या, त्या दोघी उताऱ्यावर कुठेच नाहीत.

हा हिस्सेवाटीचा निवाडा तलाठ्याने किंवा मंडळ अधिकाऱ्याने करावा असं मी म्हणत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा प्रांत आहे. त्यांनी एवढंच पाहायचं की वारस किती आणि कोण. तेवढंही पाहिलं जात नाही, ही माझी तक्रार आहे.

वारस नोंद कशी होते ते आपणाला ठाऊक आहे. पण हे पत्र ज्या बायाबापड्या वाचतील त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. खातेदार वारला की तीन महिन्यांत कळवायचं. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला द्यायचा. आता ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्ज होतो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, चौकशी होते, मग फेरफार धरला जातो, चावडीवर प्रत लागते, नोटिसा निघतात आणि हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात.

यात नोटीस कोणाला जाते? अर्जात ज्यांची नावं लिहिली त्यांना. ज्यांनी स्वतःच अर्ज केला, त्यांनाच त्यांच्या अर्जाची नोटीस. पोलीस पाटील गावातलाच. मयताच्या घरी त्याचं जाणंयेणं. पहिली बायको तीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेली, हे त्याला ठाऊक असतं, पण दाखल्यावर ते लिहून गावात वैर कोण घेणार? आणि पहिली बायको साठ-सत्तर कोसांवर कुणाच्या तरी शेतात खुरपत असते. चावडीवर लागलेला कागद तिला कसा दिसणार? ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा आता कुठूनही पाहता येतात, ही आपल्या खात्याने केलेली चांगली सोय आहे. पण नवरा मेल्याचंच जिला कळलेलं नाही, ती संकेतस्थळ उघडणार कशाला?

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५० मी पुन्हा पुन्हा वाचलं. अभिलेखात ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना तर नोटीस द्यायचीच. शिवाय ज्याचा हितसंबंध आहे असं मानायला तलाठ्याला कारण आहे, अशा कोणत्याही अन्य व्यक्तीला ती द्यायची, असं तिथे लिहिलेलं आहे. १९६६ च्या कायद्यात हे आहे. संहिता करणाऱ्यांनी माझ्या आईसाठी जागा ठेवली होती. पण ‘मानायला कारण’ निर्माण होण्यासाठी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि आपल्या नमुन्यांमध्ये तो प्रश्नच नाही.

नोंद झाल्यावर मग हरकत घेऊन गेलं की कार्यालयात एकच उत्तर मिळतं: फेरफाराने मालकी ठरत नाही, दिवाणी कोर्टात जा. हे उत्तर कायद्याने खरं आहे. महसुली नोंद सारावसुलीपुरती, मालकीचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटलं आहे. पण त्याच संहितेच्या कलम १५७ ने अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. उताऱ्यावर नाव असलेला माणूस सोसायटीतून कर्ज काढतो, बांध सरकवतो, विसार घेतो, खरेदीखत करून देतो. ज्याचं नाव नाही, तो वकिलाच्या पायऱ्या झिजवतो.

मी प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केलं. साठ दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती, ती माफ करून घेण्यातच बराच काळ गेला. आईच्या पोटगीच्या निकालाची नक्कल, माझा निर्गम उतारा, जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स, असं सगळं जोडलं. अपील मंजूर झालं, नावं लागली. दरम्यान एक गट विकला गेला होता, नोंदणीकृत खरेदीखताने. त्याचा दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे. दावा नुसता लावून भागत नाही. महाराष्ट्रात त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच ती पुढच्या खरेदीदाराला बांधते, हेही मला तेव्हाच कळलं. शिकल्यासवरल्या मुख्याध्यापिकेला हे तेव्हा कळलं. मजुरीला जाणाऱ्या बाईला कोण सांगणार?

प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात एका तारखेला वडिलांचा थोरला मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, तुमच्या आईचं नाव काय?” मी सांगितलं. तो म्हणाला, “आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.” प्रतिज्ञापत्रावर त्याची सही होती, आणि ज्या वाक्यावर ती होती ते खोटं आहे हे त्याला माहीत नव्हतं. माझा त्याच्यावर विश्वास बसला. आपल्या छापील नमुन्याने त्याच्याही हातून खोटं लिहवून घेतलं.

गावात आम्हाला काय ऐकावं लागलं तेही लिहिते, कारण आपले अधिकारी त्याच गावांतून येतात आणि तीच मतं मनात घेऊन खुर्चीवर बसतात. ‘बाप आजारी होता तेव्हा कुठं होती? पाण्याचा घोट दिला नाही आणि आता जमीन मागायला आली.’ त्या दुसऱ्या घरातल्या बाईने वडिलांचं शेवटचं आजारपण काढलं, हे खरं आहे आणि मी ते मान देऊन सांगते. कायदा तिला विधवा मानत नाही, याचं मला समाधान वाटत नाही. तिच्या नावाने काही करून ठेवायचं तर त्यांना मृत्युपत्र करता आलं असतं. स्वतःच्या कमाईची मालमत्ता आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सा माणूस मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो; उत्तराधिकार कायद्याचं कलम ३० तेच सांगतं. त्यांनी ते केलं नाही. ज्या दोन बायांना त्यांनी असं वाऱ्यावर सोडलं त्यांच्यातलं भांडण आता चावडीवर मिटवायचं, आणि तेही एकीला अदृश्य करून, हा न्याय नव्हे. आणि पाण्याच्या घोटाचं म्हणाल, तर चार-पाच वर्षांची पोर घर सोडून गेली नव्हती. तिला काढून दिलं होतं. सेवेचा हिशोब मांडायचाच असेल तर आधी पालनपोषणाचा मांडावा लागेल.

उलट बाजूही आहे, हे मी नाकारत नाही. म्हाताऱ्या आईबापाला वृद्धाश्रमात टाकून शहरात गेलेली आणि वर्षश्राद्धालाच जमिनीसाठी उगवणारी मुलं मी पाहिली आहेत. कायदा त्यांनाही वारस मानतो आणि ते पाहताना मनाला लागतं. पण हयातीत त्यावर उपाय आहेत: मृत्युपत्र आहे, आणि आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र रद्दही करून घेता येतं. बापाने जिवंतपणी जे केलं नाही ते तो गेल्यावर तलाठ्याने त्याच्या वतीने करू नये.

आपल्याच शेजारी गोव्यात ही गोष्ट वेगळ्या रीतीने चालते. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्याचा वारसा पुढे नेणारा तिथला कायदा २०१२ चा आहे. सर्वसाधारणपणे लग्नाबरोबरच नवराबायको निम्म्या-निम्म्याचे मालक होतात. आईबापाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा निम्माच भाग हवा त्याला देता येतो. उरलेला निम्मा मुलांचा, आणि त्यांना त्यातून वगळायचं तर कायद्याने ठरवून दिलेलं कारण लागतं. मृत्यूनंतर मालमत्तेची यादी कोर्टापुढे होते तेव्हा वारसांची नावं शपथेवर सांगावी लागतात. तिथेही भांडणं होतात, खटले रेंगाळतात. पण वारस कोण, हा प्रश्न तिथे कामकाजाच्या सुरुवातीलाच पुढ्यात असतो. आपल्याकडे मुसलमान कुटुंबांतही बापाला एक तृतीयांशाहून अधिक मृत्युपत्राने देता येत नाही. त्यांच्यातल्या टाकलेल्या बायांच्या मुलांची नावं मात्र आपल्या चावड्यांवर याच पद्धतीने गळतात, म्हणजे हा धर्माचा प्रश्न राहत नाही.

गोव्यापर्यंत जायचीही गरज नाही. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला हवा असेल तर तो आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो आणि त्यासाठी जाहीरनामा काढून हरकती मागवाव्या लागतात. जिथे सगळ्यात जास्त जीव अडकलेला, त्या जमिनीला मात्र स्टॅम्पवरचं एक वाक्य पुरतं.

महाराष्ट्राला टाकलेल्या बायांचा प्रश्न नवा नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली. अ‍ॅडव्होकेट निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनाच्या सोबत्यांनी ती भरवली. त्या परिषदेला आमच्या भागातल्या बाया गेल्या होत्या, परत आल्यावर त्या निराळ्याच आवाजात बोलू लागल्या होत्या. त्याच सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. पुढे शासनाने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. पण लक्ष्मीमुक्तीला नवऱ्याची सही लागते. ज्याने टाकलं तो सही कशाला करील? त्या बायांसाठी एकच दार उरतं, ते नवऱ्याच्या मृत्यूनंतर उघडणारं, आणि त्याची किल्ली आपल्या खात्याकडे आहे.

म्हणून माझं मागणं आहे. नवा कायदा नको, कलम १५० मध्ये जे आहे ते अमलात आणणारं एक परिपत्रक काढा. वारस नोंदीच्या अर्जात मयताचे विवाह किती झाले, प्रत्येक पत्नीचं नाव काय, ती हयात आहे का, कुठे राहते, घटस्फोट झाला असल्यास कोणत्या न्यायालयात आणि कधी, हे रकाने असू द्या. शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं केलं. तसंच वारसांच्या यादीत प्रत्येक अपत्याच्या नावासमोर त्याच्या आईचं नाव लिहायला लावा. एवढ्या एका रकान्याने अर्ध्या गोष्टी उघड होतील. सोबत न राहणाऱ्या, संबंध नसलेल्या, लग्न होऊन गेलेल्या अपत्यांची नावंही लिहावी लागतात, हे त्या अर्जावर ठळक मराठीत छापा, आणि सही घेण्याआधी ते तलाठ्याने मोठ्याने वाचून दाखवावं.

एखादी पत्नी किंवा अपत्य दुसऱ्या गावी असल्याचं चौकशीत निघालं, तर त्या गावच्या तलाठ्यामार्फत तिला हातोहात नोटीस पोचवा. ती सापडली नाही म्हणून तिचं नाव गाळू नका; पत्ता अज्ञात असा शेरा मारून नाव लावा. नाव लागलेलं असलं की तिचा हिस्सा तिच्याशिवाय विकता येत नाही. आणि जिला आपला नवरा किंवा बाप कोणत्या गावात, कोणत्या गटाचा खातेदार आहे हे ठाऊक आहे, तिला त्याच्या हयातीतच तहसील कार्यालयात आपलं नातं नोंदवून ठेवू द्या, म्हणजे त्या खात्यावर फेरफार आला की तिच्या मोबाइलवर निरोप जाईल. खोटं प्रतिज्ञापत्र करणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याचे अधिकार आजही आहेत. ते कधी वापरल्याचं मी ऐकलं नाही. काही ठिकाणी वापरले गेले तरी लेखनिक ते वाक्य लिहिण्याआधी विचारतील.

ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांना सांगते: आपल्या शाळेचा निर्गम उतारा, आईच्या लग्नाची पत्रिका किंवा फोटो, पोटगीच्या निकालाची नक्कल, जुनं रेशनकार्ड, यांतलं जे हाताशी लागेल ते आत्ताच जपून ठेवा. बापाच्या गावाचं नाव आणि गट नंबर लिहून ठेवा. महाभूलेखवर उतारा फुकट पाहता येतो. कोणी भाऊ, चुलता हक्कसोड पत्रावर सही मागायला आला तर ते वाचल्याशिवाय सही करू नका. वडिलोपार्जित जमिनीच्या हक्कसोडीला मुद्रांक नाममात्र लागतो, आणि एकदा नोंदलं की ते परत फिरवणं फार अवघड असतं.

मंत्रिमहोदय, मोहिमेच्या पुढच्या टप्प्याचं परिपत्रक आपल्या सहीने निघेल तेव्हा त्यात आईच्या नावाचा तो रकाना असावा, ही विनंती. ‘याशिवाय अन्य कोणी वारस नाही’ हे वाक्य छापील नमुन्यातून काढून टाका आणि त्या जागी प्रश्न विचारा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
जिल्हा अहिल्यानगर